पंप नाही, पूड बदला

पत्र:
"नमस्कार. दीड वर्षापूर्वी भावानं आम्हाला घरगुती एस्प्रेसो मशीन भेट दिलं. पहिले सहा-सात महिने मजेत गेले. आता बटण दाबलं की मशीन नुसतं घरघरतं, कपात थेंब थेंब पडतं आणि हँडलच्या कडेनं मात्र पाणी वाहतं. जी काही कॉफी येते ती कडू आणि कोमट. दुरुस्तीवाला पाहून गेला, पंप गेलाय म्हणाला, साडेचार हजार सांगितले. मिस्टर म्हणतात, विकून टाकू आणि गॅसवर ठेवायचा मोका पॉट घेऊ. सासूबाई हुबळीच्या. त्यांचा जुना पितळी फिल्टर आहे, पण हल्ली तोही तुंबतो. रात्री लावलेलं डिकॉक्शन सकाळी पाहावं तर अर्धंच उतरलेलं. शेजारच्या काकू म्हणतात, जाळी गॅसवर धर. आम्ही वाघोलीत राहतो, सोसायटीत टँकरचं पाणी. पूड मामा माटुंग्याहून आणून देतात, ६०:४०, दोन्हीकडे तीच वापरतो. काय ठेवू, काय विकू?"
— एक वाचक, वाघोली

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय: 'दोन्हीकडे तीच वापरतो.' एक भांडं विजेचं, दुसरं पितळेचं. एक दीड वर्षाचं, दुसरं सासूबाईंच्या काळातलं. दोन्ही एकाच सुमारास तुंबायला लागली, तर दोष भांड्यांत कशाला शोधायचा? त्यांच्या पोटात जातं काय ते बघायचं. आणि जातात दोनच गोष्टी, पूड आणि पाणी.

तरी आधी पंपाचा निकाल लावू, म्हणजे साडेचार हजारांची टांगती तलवार जाईल. हँडल काढून बाजूला ठेवा. टाकी भरा, खाली पातेलं ठेवा आणि कॉफीचं बटण दाबा. वरच्या गोल चाळणीतून पाणी बऱ्यापैकी धारेनं पडलं, तर पंप जिवंत आहे. तिथेही नुसती टिपटिप असेल, तर एकतर आत क्षार बसलेत किंवा खरोखर पंप थकलाय. यातलं नेमकं काय, ते क्षार काढल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. तुमच्या दुरुस्तीवाल्यालाही नाही. माझा अंदाज विचाराल तर धार पडेल. कारण हँडलच्या कडेनं पाणी वाहतंय, याचा अर्थ पंप पाणी ढकलतोय. समोरची वाट बंद आहे म्हणून ते आडवाटेनं बाहेर येतंय.

वाट बंद कशानं झाली? ६०:४० म्हणजे शंभर ग्रॅम पुडीत साठ ग्रॅम कॉफी आणि चाळीस ग्रॅम चिकोरी. चिकोरी ही एका झाडाची मुळी. भाजून दळली की कॉफीसारखी दिसते, पण पाण्यात तिचं वागणं अगदी वेगळं. कॉफीपेक्षा तिचा बराच जास्त भाग पाण्यात विरघळतो, आणि उरलेला ओला होऊन चिकट होतो. फिल्टर कॉफीला दाटपणा येतो, काळा रंग येतो, दुधात ओतल्यावरही चव दबत नाही, ते तिच्यामुळेच. त्या कामासाठी चिकोरी वाईट नाही. आपल्याकडच्या नियमानं अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावीच लागते, आणि पाकिटावर प्रमाण छापावं लागतं. तेव्हा मामांनी काही फसवी पूड आणलेली नाही. ती चुकीच्या यंत्रात गेली, एवढंच.

आता ती यंत्रात कुठे अडते ते बघा. हँडलमधली स्टीलची जाळीची वाटी उपसून काढा आणि खिडकीकडे धरा. आतून बघाल तर भोकांची रांगोळी दिसेल. उलटी केलीत की बहुतेक खाली एकच भोक असेल, सुईच्या टोकाएवढं. घरगुती मशीनबरोबर बहुधा अशी दुहेरी तळाची वाटी येते. दुकानातली तयार पूड वापरली तरी वर फेस यावा म्हणून पाण्याला तिथे मुद्दाम अडवलेलं असतं. खोक्यावर '१५ बार' असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं (बार हे दाबाचं माप), ते पंपाची कमाल ताकद सांगतं. एस्प्रेसोला कॉफीपाशी साधारण ९ बार पुरतात. पण त्या एका भोकात चिकोरीचा चिकटा वाळून बसला की पंधरा काय नि नऊ काय.

ती वाटी उकळत्या पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकून अर्धा तास ठेवा. वाटी स्टीलची आहे म्हणून सोडा चालतो. ॲल्युमिनियमला सोडा लावू नका, ते काळं पडतं. मग मशीनबरोबर आलेल्या पिननं, नाहीतर बारीक सुईनं, ते भोक खालच्या बाजूनं हलकेच मोकळं करा. दाभण नको. भोक मोठं झालं की वाटी गेली.

वरची गोल चाळणीही काढायची. मध्ये एक स्क्रू असतो, मशीन गार असताना तो सोडवा. मी माझ्या मशीनची ही चाळणी पहिल्यांदा काढली तेव्हा मशीनला दोन वर्षं झाली होती. रोज संध्याकाळी मी ते बाहेरून लखलखीत पुसत असे आणि त्याचा मला अभिमानही होता. स्क्रू सुटला आणि चाळणीमागून काळपट तपकिरी लगदा ओट्यावर पडला. वास थेट खवट शेंगदाण्याचा. बायकोनं शांतपणे विचारलं, "आपण हे पीत होतो?" कॉफीत तेल असतं आणि तेल म्हटलं की ते खवट होणारच. तुमच्या कॉफीच्या कडूपणातला निम्मा वाटा या जुन्या तेलाचा असणार. भांड्याच्या साबणानं आणि जुन्या टूथब्रशनं चाळणी घासा, ती बसते तिथली जागा ओल्या फडक्यानं पुसा. चाळणीभोवतीच्या रबराच्या खोबणीत अडकलेले कणही काडीनं काढा. हँडल घट्ट बसत नाही त्याचं एक कारण हे कण असतात.

आता पाणी. वाघोलीचा टँकर म्हणजे बहुतेक बोअरचं पाणी, आणि आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. बादलीवर, नळाच्या तोटीवर, गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर तुम्ही रोज बघता, तोच मशीनच्या आत बसतो. फरक इतकाच, की तिथे तो दिसत नाही. तापणाऱ्या भागावर थर चढला की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. कोमट कॉफीचं कारण बरंचसं इथं आहे. (उरलेलं कारण गार कप आणि गार हँडल. पूड न घालता एकदा हँडल लावून नुसतं गरम पाणी कपात सोडा, ते ओतून द्या, मग कॉफी करा.)

हा थर आम्लानं विरघळतो. व्हिनेगर चालतं, पण त्याचा वास पुढचे आठ दिवस कॉफीत डोकावतो, आणि कित्येक कंपन्या ते वापरू नका असं स्पष्ट सांगतात. मी किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व वापरतो. ढोकळ्यात घालतो तेच, म्हणजे सायट्रिक ॲसिड. एक लिटर पाण्याला २० ग्रॅम, सपाट चार चमचे. पण त्याआधी माहितीपुस्तिका उघडून दोन गोष्टी बघा. टाकीत पाणी गाळायचं काडतूस असेल तर ते काढून ठेवायचं. आणि आतला तापणारा भाग ॲल्युमिनियमचा असेल तर कंपनीचं स्वतःचं क्षारनाशकच वापरायचं, तिथे घरगुती प्रयोग नको.

हे लिंबूसत्त्वाचं पाणी टाकीत भरा, मशीन तापवा आणि त्यातला तिसरा हिस्सा चाळणीतून सोडा. थोडं दुधाच्या वाफेच्या नळीतूनही सोडा, बंद करा आणि वीस मिनिटं तिकडे बघू नका. मग पुन्हा तिसरा हिस्सा, पुन्हा वीस मिनिटं. उरलेलं सगळं शेवटी. बाहेर पडणारं पाणी गढूळ दिसेल, पांढरी कपची पडेल. घाबरू नका, ती पडावी म्हणूनच तर सगळा खटाटोप. नंतर साध्या पाण्याच्या दोन पूर्ण टाक्या सोडायच्या. एका टाकीवर भागवाल, तर सकाळी लिंबू-कॉफी प्याल.

हे सगळं झाल्यावर पंपाची ती पातेल्याची परीक्षा पुन्हा घ्या. एवढं करूनही टिपटिपच असेल, तर दुरुस्तीवाल्याला खुशाल बोलवा. तो बरोबर होता असं म्हणू.

पुढे मशीनला कोणतं पाणी द्यायचं? घरात आरओ असेल, तर सगळंच आरओचं देऊ नका. त्यात क्षार इतके कमी असतात की कॉफी सपक लागते. पाण्यात थोडे क्षार असले तरच कॉफीची चव नीट उतरते. कॉफीवाल्यांच्या जगात लिटरला दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, आदर्श मानतात. तुमचं टँकरचं पाणी समजा ७०० असेल आणि आरओचं ५०, तर चार पेले आरओत एक पेला टँकरचं घातलं की १८० होतं. झकास. टँकरचा पेला आधी उकळून, गार करून, वरचं निवळ घ्यायचं. उकळल्यानं पाणी पिण्याजोगं होतं, आणि क्षारांचा एक भाग पातेल्याच्या तळाशीच बसतो. आणखी एक सांगतो. फिल्टरवाला ते पेनासारखं मीटर बुडवून आकडा दाखवतो ना, तो हाच टीडीएस. पाण्याचा जडपणा त्यातला एक भाग. आकडा कमी असूनही पाणी जड असू शकतं. तुमचं खरं मीटर म्हणजे चहाचं पातेलं. त्यात पांढरं कडं धरायला किती दिवस लागतात ते बघा.

सासूबाईंचा फिल्टर. काकूंचा सल्ला खोटा नाही, पण तो स्टीलच्या फिल्टरचा आहे. स्टीलचं वरचं भांडं सांडशीत धरून तळ आचेवर धरला की भोकांत बसलेली पूड जळते, धूर येतो, राख होते आणि घासलं की जाळी नव्यासारखी. दक्षिणेत घरोघरी करतात. पितळेला मात्र आधी आत वाकून बघा. आतून पांढरट चकाकी असेल, तर ती कल्हई असेल नाहीतर दुसरा कसला मुलामा. कल्हई म्हणजे कथील, आणि कथील २३२ अंशाला वितळतं. गॅसच्या आचेपुढे ते काय टिकणार? काकूंच्या सांगण्यावरून भांडं गॅसवर धरलंत, तर जाळी मोकळी होईल आणि कल्हई ओघळून निम्मी भोकं पुन्हा बुजतील. म्हणून उकळतं पाणी, भांड्याचा साबण, तासभर भिजवणं, मग उजेडाकडे धरून बंद दिसणारं एकेक भोक सुईनं मोकळं करणं. कंटाळवाणं आहे, पण रेडिओ लावून बसलं की होतं. बाहेरून चिंच-मीठ लावून हवं तेवढं चमकवा, आत लावू नका.

आतून पिवळं पितळ उघडं पडलं असेल तर मात्र थांबा. ताक जसं पितळेत कळकतं तसंच डिकॉक्शनचंही होतं, कारण कॉफी आंबट असते. आधी कल्हई. हल्ली कल्हईवाला दारावर येत नाही. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत चौकशी करा. तोवर पाचशेच्या आसपासचा स्टीलचा फिल्टर घ्या आणि पितळी फिल्टर सासूबाईंसमोर मानानं फडताळात ठेवा.

फिल्टर तुंबण्यात हाताचाही दोष असतो. ती दांडीची चकती पूड दाबून घट्ट करायला नसते, पूड सपाट राहावी आणि पाणी एका जागी आदळू नये म्हणून असते. हलकेच टेकवायची. आधी दोन चमचे गरम पाणी घालून पूड नुसती भिजू द्यायची, अर्ध्या मिनिटानं बाकीचं ओतायचं. वीसेक मिनिटांत डिकॉक्शन उतरायला हवं. मध्येच थांबलं, तर वरचं भांडं किंचित उचलून पुन्हा ठेवा. ओलाव्यानं सांधा बंद होतो, खालच्या भांड्यातली हवा कोंडते, मग वरचं पाणी उतरणार कुठून? कित्येकदा रात्रभराची रखडपट्टी या एका उचलण्यानं संपते.

राहिला मोका पॉट. १९३३ सालापासून इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या नावावर जमा असलेलं हे अष्टकोनी ॲल्युमिनियमचं भांडं मला फार आवडतं. पण तुमच्या मिस्टरांना एक सांगा, तो मशीनची जागा घेणार नाही. मशीन ९ बारनं दाबतं, मोका पॉट जेमतेम एक-दीड बारनं, तेही नुसत्या वाफेच्या जोरावर. फेस येत नाही, दुधाची वाफ नाही. त्यातून उतरतं ते दाट, कडक, डिकॉक्शनच्या चुलतभावासारखं. म्हणजे घरात तो फिल्टरचा प्रतिस्पर्धी आहे. वीस मिनिटांऐवजी पाच मिनिटांत, आणि दुधात घालायला उत्तम. सकाळी ऑफिसच्या घाईत मिस्टरांना तेच हवं असेल तर जरूर घ्या, पण मशीन विकून नव्हे.

आणि घेतलात तर त्यात ६०:४० घालू नका, हे मी उभं राहून सांगतो. मशीनमध्ये वाट बंद झाली तर हँडलच्या कडेनं पाणी गळतं. मोका पॉट म्हणजे शिट्टी नसलेला छोटा कुकरच. त्याची वाट बंद झाली तर सगळी भिस्त बाजूच्या एका छोट्या वॉल्व्हवर. त्या वॉल्व्हवर क्षार बसू द्यायचे नाहीत, पाणी त्याच्या खालपर्यंतच भरायचं, पूड सपाट भरायची, दाबायची नाही. आच मंद. फसफसायला लागलं, रंग फिका झाला, की लगेच उतरवायचा. त्यापुढे येतं ते जळकं. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा पॉट तापत नाही, आणि आपल्या गॅसच्या मोठ्या बर्नरवर तीन कपांचा पॉट लडखडतो, खाली जाळी ठेवावी लागते. रोज गरम पाण्यानं धुऊन, पुसून, उघडा ठेवायचा. 'मोका पॉट धुवायचा नसतो, त्याला चव धरते' असं सांगणारे भेटतील. धरते ती चव नसते, खवट तेल असतं.

फ्रेंच प्रेसबद्दल, म्हणजे दांड्यानं पूड खाली दाबायच्या त्या भांड्याबद्दल, तुम्ही विचारलं नाही, मीही लांबवत नाही. दूध न घालता काळी कॉफी पिणारं घरात कोणी असेल तरच.

मग पैसे घालायचे कुठे? दळण्यात. बिनचिकोरीचे भाजलेले दाणे आणा आणि हातानं फिरवायचा, पोलादी दात्यांचा ग्राइंडर घ्या. चार ते सहा हजारांत बरा मिळतो, म्हणजे साधारण तुमच्या त्या पंपाच्याच पैशांत. मिक्सरच्या पात्यानं काही दाण्यांचं पीठ होतं आणि काही दाणे जाडसर राहतात. पीठ वाट बुजवतं, जाडसर भागातून चव उतरतच नाही. दातेवाल्या ग्राइंडरला जात्यासारखं अंतर असतं, ते कमीजास्त करता येतं. मशीनला बारीक रवा, मोका पॉटला त्याहून थोडं जाड. ग्राइंडर आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशनं झटकायचा. पाणी लावायचं नाही, आणि कच्चे तांदूळ फिरवून 'साफ' करायचा नाही. ते मिक्सरला चालतं, या दात्यांना नाही.

मामांची पूड फिल्टरलाच ठेवा. ती त्याच्यासाठीच जन्माला आलीय. संपत आली की पुढच्या वेळी ८०:२० मागवून बघा, उतरायलाही सोपी जाईल.

रोजचं थोडक्यात. कॉफी झाली की वाटी लगेच ठोकून रिकामी, पूड न घालता घोटभर पाणी चाळणीतून सोडायचं, दुधाची नळी ओल्या फडक्यानं पुसून एकदा वाफ सोडायची. दूध वाळलं की नखानं खरवडायची पाळी येते. चाळणी महिन्यातून एकदा उघडा. लिंबूसत्त्वाची आंघोळ कधी, हे माझ्या घरी कॅलेंडरवर लिहूनही राहून जायचं. शेवटी ठरवलं, गॅस सिलिंडर बदलला त्या रविवारी. तुमच्याकडे पाणी जड आहे, त्यामुळे तुम्हालाही हेच अंतर बरोबर पडेल.

एवढं सगळं करूनही हँडलच्या कडेनं थोडं पाणी आलं, तर वरचं रबर कडक झालंय असं समजा. दीड वर्षात होतं. पिन घालून ते उचकटून काढा. बहुधा काळं, प्लास्टिकसारखं कडकडीत निघेल. नवं आणायला जाताना दुकानदाराला मशीनचं नाव सांगत बसू नका, जुनं रबर पिशवीत घालून घेऊन जा. ५४ मिलिमीटरचं आणि ५८ मिलिमीटरचं दुकानाच्या उजेडात अगदी सारखं दिसतं. मी एकदा नुसत्या नजरेच्या भरवशावर आणलं होतं, आणि ते अजून ड्रॉवरमध्ये आहे.